‘पाव’: एक उच्चार, तीन कुळे

सेलू म्हटले की ‘कोणते?’ हा प्रश्न येतोच. परभणी जिल्ह्यातले की वर्धा जिल्ह्यातले? नाव एक असले तरी ही दोन गावे एकच आहेत असे कोणी समजत नाही. शब्दांच्या बाबतीत मात्र आपण इतके सावध नसतो. वर्धा जिल्ह्यातील सेलूच्या बाजारात ‘पाव किलो’ वांगी घ्यावीत, बेकरीतून ‘पाव’ आणावा, आणि त्याच तालुक्यातील केळझरच्या सिद्धिविनायकाला ‘देवा, पाव’ म्हणून हात जोडावेत; कानाला तिन्ही शब्द एकच वाटतात. हे ऐक्य इतिहासाचे आहे की केवळ उच्चाराचे, आणि श्लेषविचारात त्याला काय स्थान आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

‘चतुर्थांश’ या अर्थाचा ‘पाव’ संस्कृत ‘पाद’पासून आला. चतुष्पादाचा एक पाय तो चौथा भाग. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘द’ लोपला, ‘पाअ’ हे रूप झाले; मधली पोकळी एकदा ‘य’ने भरली आणि ‘पाय’ झाला, एकदा ‘व’ने भरली आणि ‘पाव’ झाला. ‘पाऊण’ (पादोन) आणि ‘सव्वा’ (सपाद) ही याच घरची माणसे. ‘पावली’ हे नाणे, ‘पावशेर’ हे माप, ‘पावकी’ हा पाढा हा सगळा त्याचाच गोतावळा. यांपैकी पंचवीस पैशांचे नाणे २०११ साली चलनातून गेले. अंश दाखविणारा शब्द मात्र टिकून आहे. दुसरा ‘पाव’ ‘पावणे’ या क्रियापदाचा. त्याचे मूळ संस्कृत ‘प्राप्’, प्राकृत ‘पावइ’. तिसरा पोर्तुगीज ‘पांव’, लॅटिन ‘पानिस’चा वंशज, १५१० नंतर पोर्तुगीज सत्तेबरोबर गोव्यात रुजला आणि मराठीत येताना अनुनासिक टाकून बसला.

हा तिसरा ‘पाव’ पोरका राहिला नाही. लोकव्युत्पत्तीने त्याला दोन घरे दिली. लादीचा चौथा हिस्सा म्हणून ‘पाव’, हे एक; पायांनी कणीक तुडवितात म्हणून ‘पाव’, हे दुसरे. दोन्ही स्पष्टीकरणे खोटी. परंतु दुसरे निरुपद्रवी नाही. पाव खाणे म्हणजे बाटणे, ही समजूत एकोणिसाव्या शतकात इतकी घट्ट होती की १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणे हीच जातिबंधन तोडल्याची खूण ठरली. अशा समाजात ‘पायाचा पाव’ ही व्युत्पत्ती शब्दाचे मूळ सांगत नाही. किळसेला शास्त्राचा आधार पुरविते. श्लेष जेव्हा स्वतःला इतिहास म्हणवू लागतो, तेव्हा असे घडते.

आता श्लेषाकडे वळू. रुय्यकाच्या मते सभंग श्लेषात दोन शब्द लाख आणि लाकूड यांप्रमाणे चिकटलेले असतात. अभंग श्लेषात एका देठाला दोन फळे असावीत तसे एका शब्दाला दोन अर्थ असतात. म्हणून पहिला शब्दश्लेष, दुसरा अर्थश्लेष. मम्मट दोन्हींना शब्दश्लेषच मानतो. पर्याय ठेवताच जो अलंकार नाहीसा होतो, तो शब्दाचा. ‘देवा, पाव पाव’ हे वाक्य घ्या. ही आर्जवाची द्विरुक्ती आहे, किंवा ‘पूर्ण नाही तर चतुर्थांश तरी प्रसन्न हो’ अशी मिस्कील विनवणी. ‘चतुर्थांश’ हा शब्द प्रत्यक्ष घातला की गंमत संपते. येथे शब्द कोठेही तुटत नाही, तरी देठ दोन आहेत. उलट ‘पाय’ आणि ‘पाव’ खरोखर एका देठाची फळे; पण रूपे वेगळी झाल्यामुळे त्यांच्यात श्लेष उरला नाही. रुय्यकाचा देठ वर्तमान उच्चाराचा आहे, वंशाचा नव्हे, असा बचाव करता येईल. तो मान्य केला, तरी एककालिक साम्यावरून कालक्रमिक नाते सिद्ध करण्याचा अधिकार समीक्षकाला उरत नाही.

शब्दखेळांत हेच दिसते. अमेरिकेत आल्फ्रेड बट्स याने स्क्रॅबल रचताना अक्षरांची वारंवारता मोजून त्यांना गुण दिले. तेथे शब्दाच्या अर्थाला वा मुळाला काडीचीही किंमत नाही. मराठी शब्दकोड्यात ‘पाव’ दोनच घरे अडवितो, परंतु ‘चतुर्थांश’, ‘प्रसन्न हो’ किंवा ‘बेकरीतील पदार्थ’ यांपैकी कोणत्याही सूचनेने तो भरता येतो. कोडेकाराला तो उपयोगी पडतो तो तीन कुळांची आठवण पुसली गेल्यामुळेच. खेळाला हे विस्मरण हवे असते, व्युत्पत्तीला स्मरण. मराठी समीक्षेत धातू शोधून कवितेचा अर्थ ठरविण्याची जी सवय आहे, तिच्यात हे दोन व्यवहार एकमेकांत मिसळतात. श्लेषाचा आनंद घ्यावा, पण त्याला वंशावळीचा दाखला मानू नये. दोन सेलूंच्या बाबतीत आपण एवढा विवेक रोजच पाळतो.