निवडणुकीत ढवळाढवळ करणाऱ्या परदेशी हस्तकांना शिक्षा होते का?

फेसबुकवरचं एखादं पेज आपल्याच भागातल्या माणसाचं वाटतं, पण ते चालवणारा दुसऱ्या देशात बसलेला असू शकतो. अमेरिकेच्या २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत असंच घडल्याचा आरोप आहे. पण आरोपी परदेशात असतील, तर कायदा त्यांचं काय करू शकतो?

प्रकरण काय आहे?

विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांच्या तपासातून १६ फेब्रुवारी २०१८ रोजी १३ रशियन नागरिक आणि ३ रशियन संस्थांवर आरोपपत्र दाखल झालं. त्यातली मुख्य संस्था होती सेंट पीटर्सबर्गमधली 'इंटरनेट रिसर्च एजन्सी'.

आरोपपत्रानुसार, तिथले कर्मचारी अमेरिकन असल्याचं भासवून अकाउंट चालवत, जाहिराती देत आणि सभाही भरवत. फ्लोरिडातल्या सभेसाठी त्यांनी एका अमेरिकन व्यक्तीला ट्रकवर पिंजरा बांधायला, तर दुसऱ्या व्यक्तीला कैद्याच्या वेशातल्या हिलरी क्लिंटन बनायला पैसे दिले. पैसे कोण देतंय, हे त्यांना माहीत नव्हतं.

जुलै २०१८ मध्ये रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या १२ अधिकाऱ्यांवर हॅकिंगप्रकरणी वेगळं आरोपपत्र दाखल झालं.

गुन्हा कोणता?

राजकीय मत मांडणं हा गुन्हा नाही. अमेरिकेत परदेशी नागरिकांना निवडणुकीवर पैसा खर्च करायला मात्र बंदी आहे, आणि परदेशासाठी राजकीय काम करणाऱ्यांना सरकारकडे नोंदणी करावी लागते. ही माहिती सरकारपासून लपवण्याचा कट केला, हा मुख्य आरोप होता. काहींवर बँक फसवणुकीचा कट आणि दुसऱ्यांची ओळख चोरल्याचेही आरोप होते.

मग अटक का नाही?

रशियाची राज्यघटना आपल्या नागरिकांना दुसऱ्या देशाच्या हवाली करू देत नाही. अमेरिका आणि रशियात प्रत्यार्पण करारही नाही. त्यामुळे आरोपी स्वतः कोर्टात आलेच नाहीत.

'कॉनकॉर्ड मॅनेजमेंट' या कंपनीनं मात्र वकील पाठवून आरोप नाकारले. तपासाची कागदपत्रं मागायचा हक्क तिला मिळाला. अखेर मार्च २०२० मध्ये सरकारनंच तिच्यावरचा खटला मागे घेतला. संवेदनशील माहिती उघड होईल आणि दोषी ठरली तरी कंपनीला खरी शिक्षा होणार नाही, असं कारण दिलं गेलं.

म्हणजे काहीच परिणाम नाही?

परिणाम होतो, पण तो तुरुंगाबाहेर. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेनं या आरोपींवर निर्बंध घातले. अमेरिकेतली त्यांची मालमत्ता गोठते आणि अमेरिकन लोकांना त्यांच्याशी व्यवहार करता येत नाही. अमेरिकेशी प्रत्यार्पण करार असलेल्या देशात गेल्यास अटकेची भीती राहते.

आरोपी येवगेनी प्रिगोझिन यांच्यावर २०२१ मध्ये अडीच लाख डॉलरपर्यंतचं बक्षीस जाहीर झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी हस्तक्षेपाची जाहीर कबुली दिली. २०२३ मध्ये विमान दुर्घटनेत त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर खटला चाललाच नाही.

तुरुंगात कोण गेलं?

बँक खात्यांचे नंबर ऑनलाइन विकणारा एक अमेरिकन माणूस. त्याचे काही ग्राहक रशियन होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. तरीही ओळखीच्या फसवणुकीसाठी त्याला सहा महिने तुरुंगवास झाला.

नकळत पोस्ट शेअर करणाऱ्यांवर या प्रकरणात आरोप ठेवले गेले नाहीत. पण आपलं खातं, सिमकार्ड किंवा ओळखपत्र दुसऱ्याला वापरायला देणं वेगळं. सूत्रधार सीमेपलीकडे सुरक्षित राहतो आणि पोलिसांच्या हाती लागतो तो जवळचा माणूस.