अश्लील आणि विकार

अ‍ॅनिमेमधलं लैंगिक दृश्य समोर आलं की श्रद्धावान प्रेक्षक विचारतो, हे पाहणं पाप आहे का? कायदा विचारतो, हे दाखवणं गुन्हा आहे का? आपण हे दोन्ही प्रश्न सहसा एकत्र करून टाकतो. जपानचा इतिहास वाचताना मात्र ते वेगळे ठेवावे लागतात.

तिथे बंदीचे ठळक टप्पे राज्यसत्तेच्या हुकमांतून आले. एडो काळात, १७२२ साली, शोगुनच्या सरकारने कामुक पुस्तकांवर बंदी घातली. तरीही 'शुंगा' ही कामचित्रं लपूनछपून विकली जात राहिली. १९०७च्या दंडसंहितेतलं कलम १७५ आजही लागू आहे. त्याच कलमाखाली १९५७ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर'चे अनुवादक इतो सेई यांचा एक लाख येनचा दंड कायम केला. (याच कादंबरीपायी १९६४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांनाही दोषी ठरवलं.) जपानी न्यायालयाची कसोटी होती ती सर्वसामान्य माणसाच्या लज्जेला धक्का बसतो का, ही.

त्या निकालातल्या 'वाइसेत्सु' या शब्दासाठी मराठीत 'अश्लील' चटकन सुचतो. 'अश्लील' म्हणजे मुळात श्री नसलेलं, म्हणजे दोष वस्तूत. पण आपल्या संतांच्या भाषेत दुसरा शब्द आहे, 'विकार', आणि तो पाहणाऱ्याच्या मनात असतो. डोंगरावरच्या प्रवचनात येशूही पाप कृतीच्या आधी, वासनेच्या नजरेतच धरतो. श्रद्धेची कसोटी ही अशी आतून लागते.

ती लावून पाहण्यासारखा चित्रपट म्हणजे 'कानाशिमी नो बेलाडोना' (१९७३). ओसामु तेझुका यांनी स्थापन केलेल्या मुशी प्रॉडक्शनसाठी एइची यामामोतो यांनी तो दिग्दर्शित केला. आधार होता फ्रेंच इतिहासकार मिशले यांच्या चेटकिणींवरच्या १८६२च्या पुस्तकाचा. मध्ययुगीन फ्रान्समधल्या जानवर लग्नाच्या दिवशीच सरंजामदार बलात्कार करतो. पुढे सैतानाच्या साथीने ती सामर्थ्यवान होते आणि शेवटी चेटकीण म्हणून जाळली जाते. बलात्काराच्या दृश्यात तिचं शरीर लाल रंगात उभं चिरत जातं. तिथे वासना चाळवत नाही, वेदना कळते. पण याच चित्रपटात इतरत्र कॅमेरा तिच्या नग्न देहावरून सावकाश, चवीने फिरतो, आणि आपणही त्या सरंजामदाराच्या रांगेत जाऊन बसतो.

कलम १७५च्या धाकाने जपानी प्रौढ चित्रफितींत लैंगिक अवयवांवर धूसर चौकोन येतात. अवयव झाकले जातात. जबरदस्ती जशीच्या तशी दिसत राहते. तिचा हिशेब त्या चौकोनांत कुठेच नाही.

म्हणून श्रद्धावान माणसाने उघड्या अंगाचं मोजमाप कायद्यावर सोडावं, असं मला वाटतं. त्याच्या वाट्याचा प्रश्न अधिक अवघड आहे: पडद्यावरची ती बाई मला अजून माणूस दिसते आहे का? 'बेलाडोना'बाबत याचं उत्तर प्रसंगागणिक बदलतं. संपूर्ण चित्रपट एका शब्दात पवित्र किंवा पापी ठरवला, तर ते उत्तर शोधण्याचे कष्ट वाचतात. श्रद्धेने मात्र हे कष्ट टाळू नयेत, कारण जानला जाळणाऱ्यांनीही असाच एक शब्द पुरेसा मानला होता.