टोलच्या नोंदीत सापडलेले पोलीस

आजची गोष्ट अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. ऑक्टोबर २०११. टर्नपाइक नावाच्या टोल रस्त्यावरून मायामी पोलिसांची एक गाडी ताशी १२० मैलांच्या वर, म्हणजे आपल्या हिशोबात १९० किलोमीटरच्याही पुढे, सुसाट चाललीये. मागे लागलीये राज्याच्या हायवे पोलिसांतली एक महिला अधिकारी. सायरन चालू, दिवे चालू, पण पुढचा काही थांबेना. काही मिनिटांनी तो एकदाचा थांबला, तेव्हा तिनं पिस्तूल रोखलं आणि वर्दीतल्या त्या पोलिसाला बेड्या घातल्या. तो कुठल्या चोराच्या मागे नव्हता बरं का. ड्युटीबाहेरच्या एका जोडकामाला निघाला होता, इतकंच.

यात एवढं काय, असं वाटेल. तर तिकडे पोलिसांत एक अलिखित रीत आहे, ‘प्रोफेशनल कर्टसी’ असं गोंडस नाव असलेली. वेगात पकडलेला माणूस आपल्यातलाच निघाला की हात हलवायचा आणि सोडून द्यायचं. बाकीच्यांना दंडाची पावती! हिनं ती रीत मोडली. तिच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बाहेर आला आणि एकच गदारोळ झाला.

मला यातला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. ‘सन सेंटिनेल’ या तिथल्या पेपरच्या सॅली केस्टिन आणि जॉन मेन्स यांना प्रश्न पडला, की असा हा एकटाच, की बरेच आहेत? पण सिद्ध कसं करणार? वेग मोजायची रडार गन तर पोलिसांच्याच हातात! मग त्यांनी टोलच्या नोंदी मागवल्या. तिकडे सनपास असतो, आपल्या फास्टॅगसारखा, आणि तो पोलिसांच्या गाड्यांवरही होता. गाडी या नाक्यावरून किती वाजता गेली, पुढच्या नाक्यावरून किती वाजता गेली... झालं, शाळेतलं गणित. नाक्यांमधलं अंतरसुद्धा त्यांनी स्वतः गाडी चालवून जीपीएसवर मोजलं, उद्या कुणी बोट ठेवायला नको म्हणून.

उत्तर आलं जवळपास ८०० पोलीस. वेग ताशी ९० ते १३० मैल. त्यातले बरेचसे नुसते घरून कामावर नाहीतर कामावरून घरी चाललेले. २००४ पासून वेगात गाडी हाणणाऱ्या पोलिसांमुळे राज्यात किमान ३२० अपघात झाले होते आणि १९ माणसं मेली होती. तुरुंगात किती पोलीस गेले? एक. तोही ६० दिवस.

२०१२ मध्ये ही मालिका छापून आली. बऱ्याच पोलिसांवर कारवाई झाली, त्या मायामीवाल्याची तर नोकरीच गेली. २०१३ मध्ये पेपरला लोकसेवेचा पुलित्झर मिळाला.

आणि ती बाई? तिला धमक्यांचे फोन येऊ लागले, न मागवलेले पिझ्झा दारात येऊ लागले. घराबाहेर अनोळखी गाड्या उभ्या राहायच्या. तिनं चौकशी केली, की सरकारी सिस्टीममध्ये माझ्या लायसन्सची माहिती कोणी कोणी उघडली? इथेही नोंद शिल्लक होतीच. २५ खात्यांतल्या ८८ पोलिसांनी मिळून २०० हून जास्त वेळा तिची माहिती पाहिली होती. वाहनचालकांची माहिती जपणारा १९९४ चा एक कायदा तिकडे आहे. त्याच्या आधारे तिनं आपल्याच वर्दीतल्या या मंडळींना फेडरल कोर्टात खेचलं.