लिनक्सवर बॅकअपची हार्ड डिस्क कोणत्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करावी?

नवीन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली की आपण ती जोडतो आणि थेट फोटो टाकायला लागतो. मीही तेच केलं. डिस्क दुकानातून आली तशीच, म्हणजे एक्सफॅटमध्ये होती. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो फोनमधून लॅपटॉपवर घेतले आणि तिथून डिस्कवर टाकत होतो. तेही कॉपी नाही, कट-पेस्ट! मध्येच केबलला धक्का लागला. पुन्हा जोडली तर फोल्डर रिकामा, आणि फोनमधले फोटो जागा करायला आधीच उडवलेले. आज आमच्याकडे आहेत ते नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले, क्वालिटी गेलेले फोटो.

कट-पेस्ट ही माझी चूक होतीच. पण एक कारण डिस्कच्या फॉरमॅटमध्येही होतं. फाइल सिस्टिम म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे त्याची वही. काही फाइल सिस्टिम या वहीत बदल करण्याआधी बाजूला कच्ची नोंद करतात. तिला जर्नल म्हणतात. काम अर्ध्यावर तुटलं तर त्या नोंदीवरून वही पुन्हा जुळवता येते. एक्सफॅटमध्ये जर्नल नाही. ईएक्सटी४ मध्ये आहे. (मात्र त्या क्षणी कॉपी होत असलेली फाइल जर्नलही वाचवेलच असं नाही, त्यामुळे डिस्क 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा.)

दुसरी अडचण परमिशनची. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक असतो आणि ती कोण वाचू शकतो, कोण चालवू शकतो हेही ठरलेलं असतं. एक्सफॅट आणि फॅट३२ ही माहिती साठवतच नाहीत, सिम्लिंकही नाहीत. होम फोल्डरचा असा बॅकअप परत आणला तर सगळ्या फाइल्सची परमिशन एकसारखी होते. मग एसएसएच तुमची प्रायव्हेट की 'सगळ्यांना वाचता येते' म्हणून नाकारतं. नावात कोलन असलेली फाइलही एक्सफॅट घेत नाही. फॅट३२ चा तर विचारच नको, ४ जीबीचा एक व्हिडिओही त्यात मावत नाही.

एनटीएफएसमध्ये जर्नल आहे, आणि २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ कर्नलपासून लिनक्समध्येच त्याचा नवा ड्रायव्हर आहे. पण बिघडली तर नीट दुरुस्ती विंडोजवरच होते. घरात विंडोज नसेल तर कशाला?

म्हणून माझं मत: डिस्क फक्त लिनक्स बॅकअपसाठी असेल तर ईएक्सटी४. २००८ पासून वापरात आहे, जवळपास प्रत्येक लिनक्सवर उघडते. ती ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर सुमारे ५० जीबी! बॅकअप डिस्कला याची गरज नाही. ट्यूनटूएफएस कमांडने ती शून्यावर आणा.

बीटीआरएफएस कोणी घ्यावी? ज्यांना थोडं शिकायची तयारी आहे त्यांनी. ती प्रत्येक फाइलच्या डेटाचा चेकसम ठेवते, त्यामुळे एखादा फोटो डिस्कवर पडून पडून खराब झाला तर 'स्क्रब' चालवल्यावर कळतं. ईएक्सटी४ हे सांगत नाही. स्नॅपशॉटही मिळतात. पण एकाच डिस्कवर ती बहुधा फाइल खराब झाल्याचं फक्त सांगेल, दुरुस्त करणार नाही, कारण डेटाची दुसरी प्रत नसते.

'पण मला तीच डिस्क ओटीजीने फोनला लावायची आहे!' हा प्रश्न येणारच. बहुतेक अँड्रॉइड फोन ईएक्सटी४ डिस्क उघडत नाहीत, विंडोजही थेट उघडत नाही. त्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये ठेवा. ती ने-आणीची पिशवी, बॅकअप नव्हे.

फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा (कट नको!). ग्नोमच्या 'डिस्क्स' अ‍ॅपमध्ये डिस्कचं नाव आणि साइज दोनदा बघून मगच पुढे जा. ईएक्सटी४ केल्यावर 'लिहायची परवानगी नाही' असं आलं तर घाबरू नका. डिस्कचा मालक रूट झालेला असतो. चओन कमांडने तो तुमच्या नावावर करून घ्या.