मद्रासमधील एका हौशी छायाचित्रकाराचे प्रयोग

तिरुवल्लिकेणीत पार्थसारथीचा रथ निघाला की आज हातोहाती कॅमेरे उंचावतात. याच शहरात १८५५ च्या प्रदर्शनात लिनियस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्याने हळेबीड-बेलूरची छायाचित्रे मांडली. ती त्याने रजेच्या काळात, निव्वळ हौसेने घेतली होती. काचेवर ओला लेप देऊन चित्र घेण्याची तेव्हाची रीत येथील उन्हात फारच अवघड. लेप वाळला की काच वाया! ट्राइपने मेण दिलेला कागद निवडला. तो आधी तयार करून बैलगाडीतून नेता येई. निळे आकाश मात्र त्यावर कोरेच उमटे. मग प्रतिचित्रावर हाताने ढग रंगवावे लागत.

१८५६ मध्ये सरकारने त्याला मद्रास इलाख्याचा छायाचित्रकार नेमले. १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील शिलालेख त्याने २१ चित्रे जोडून सलग उतरवले. ती पट्टी सुमारे १९ फूट भरली. (भोसल्यांचा इतिहास सांगणारा १८०३ चा मराठी शिलालेखही याच मंदिरात आहे.) इतके चिकाटीचे काम गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांना खर्चिक वाटले आणि ते थांबले. ट्राइप पलटणीत परतला. पुढे त्याने कॅमेरा क्वचितच हाती घेतला.