उन्हाच्या गावातला रिपोर्ट

देवळाली कॅम्प हे हवापालटाचं गाव. मुंबईचे पारशी, गुजराती लोक कोरड्या हवेसाठी इथं येत; लॅम रोडवरचे जुने बंगले ही त्याचीच खूण. अशा गावात माझी हयात गेली, आणि मागच्या हिवाळ्यात रक्ताचा रिपोर्ट आला : व्हिटॅमिन डी ११ नॅनोग्रॅम. वीसच्या खाली कमतरता, असं शेजारी छापलेलं. घरातले हसले.

हसण्यासारखंच होतं. पण हे कोडं जुनं आहे, आणि तेही आमच्या शेजारच्या नाशकातलं. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी तिथं मुडदुशाची पाहणी केली. त्यांचा निबंध १९२२ साली प्रसिद्ध झाला. हा रोग निकस अन्नानं होतो की ऊन न मिळाल्यानं, यावर तेव्हा विलायतेत वाद चालला होता. नाशकात दिसलं ते असं : निकस अन्नावर राहून उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत मुडदूस नाही, पण पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत आहे, मग ती घरं मुसलमानांची असोत की वरच्या जातींतल्या हिंदूंची. लग्न होऊन पोर आत गेली, की तिचं ऊन संपलं. हाडं मऊ पडून कंबरेचा सांगाडा आवळला, की पुढे बाळंतपण जिवावर बेतायचं.

तेव्हा रोग ओळखायचा तो वाकलेल्या पायांवरून, फुगलेल्या मनगटांवरून. रक्तात नेमकं काय मोजायचं, ते १९६८ साली कळलं. अमेरिकेत डी-लुका यांच्या प्रयोगशाळेत 'पंचवीस हायड्रॉक्सी' हे रूप हाती लागलं. कातडीत उन्हानं तयार झालेलं डी यकृतात जाऊन हे रूप घेतं आणि रक्तात फिरतं. माझ्या रिपोर्टवर तेच नाव आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढंसं मोजायची रीत १९७१ पासून बसत गेली.

दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांचं रक्त तपासून २००० साली निष्कर्ष छापले. उन्हात वावरणाऱ्या जवानांची पातळी डॉक्टर-नर्सपेक्षा कितीतरी वर निघाली. आमच्या कॅम्पातही तोफखान्याचे जवान सकाळपासून मैदानावर असतात, आणि मी चाळीस वर्षं ट्यूबलाइटखाली खातेवह्या तपासल्या.

धडधाकट माणसांची सरसकट चाचणी नको, असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं २०२४ साली सांगितलं. मला ते पटतं. तरी रिपोर्ट हातात घेतल्यावर मला आजी आठवली. तिचा जन्म जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या माजघरात गेला. चाळिशीतच ती भिंत धरून उठायची. सगळे म्हणायचे, वात आहे.