चिनी बंदिवानांचा बटाटा

पाचगणीत फ्रेंच शिकवताना ‘पातात’ हा शब्द आला की मी मुलांना हटकून महाबळेश्वरचा चायनामन धबधबा सांगायचे. पाठ्यपुस्तकात बटाट्याला ‘पोम द तेर’ म्हणजे जमिनीतलं सफरचंद म्हणतात, पण घरच्या बोलण्यात ‘पातात’. अंगात हुशारी असली की फ्रेंच माणूस ‘माझ्यात पातात आहे’ म्हणतो, आणि मन भरून आलं की तो भारही पातातवरच येतो.

मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा, आणि तो रताळ्याचा. बटाटा अँडीज पर्वतातला. तिथल्या केचुआ भाषेत तो ‘पापा’. स्पॅनिशांनी दोन्ही कंद युरोपात नेले आणि नावांची सरमिसळ झाली. स्पेनमध्ये ‘पताता’ म्हणजे बटाटा, ‘बताता’ म्हणजे रताळं. पेरू-मेक्सिकोत अजून ‘पापा’च. इटलीतही पताता. रुमेनियनांनी मात्र जर्मनांकडून ‘कार्तोफ’ घेतला. पोर्तुगीजांचा ‘बताता’ मराठीत येऊन बटाटा झाला. रताळ्याला आपण वेगळं नाव ठेवलं, म्हणून एकादशीच्या ताटात दोन्ही असूनही आपला घोटाळा होत नाही.

महाबळेश्वरात बटाटा फोफावला तो बंदिवानांच्या कष्टांवर. 1829 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून इंग्रजांनी ही जागा घेतली, गव्हर्नर माल्कमच्या नावाने पेठ वसली. थंड हवेत साहेबांना त्यांच्याकडच्या भाज्या हव्या होत्या. 1834 च्या सुमारास इथे तुरुंग झाला आणि मलाक्का सामुद्रधुनीकडच्या वसाहतींतून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी त्यात ठेवले. ते वेताच्या टोपल्या विणत, ओलसर खोलगट जागी वाफे घालून भाजीपाला पिकवत. बटाट्याची लागवड त्यांनी वाढवली, आसपासच्या लोकांनी ती त्यांच्याकडून उचलली. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला, बटाटा राहिला.

शब्दाचा माग काढताना ताईनोंपासून पोर्तुगीज खलाशांपर्यंत सगळे सापडतात. या कैद्यांपैकी कोणाचं नाव मात्र मी मुलांना सांगू शकले नाही. एल्फिन्स्टन, लॉडविक, आर्थर यांच्या नावांचे पॉइंट आहेत. ज्यांनी परमुलखातल्या डोंगरावर, बेडीत राहून, दुसऱ्यांसाठी बटाटे काढले, त्यांच्या वाट्याला सगळ्यांत मिळून एक ‘चायनामन’ आला. मला हे फार सलतं.